हात तयार झाला, हे कशावरून ठरवायचे

सिम्युलेशनवर आधारलेल्या शस्त्रक्रिया-प्रशिक्षणात दोन प्रश्न असतात आणि बहुतेक वेळा ते एकमेकांत मिसळले जातात. शिकणाऱ्याने काय करून दाखवायचे, हा पहिला. ते किती चांगले जमले म्हणजे त्याला खऱ्या रुग्णाच्या टेबलाशी उभे करायचे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर अभ्यासक्रमात सापडते. सिम्युलेटर विकणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकातही सापडते. दुसऱ्याचे उत्तर कुठेही तयार मिळत नाही. ते कोणीतरी, कशाच्या तरी आधाराने, जबाबदारी घेऊन ठरवावे लागते. क्षमतेचा निकष ठरवणे म्हणजे हे दुसरे काम. यंत्र कितीही महागडे असले तरी ते आकडे देते; कोणत्या आकड्याला पुरे म्हणायचे हे त्याला सांगता येत नाही.

माणसाऐवजी दुसऱ्या कशावर तरी हात बसवण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय, योग्यासूत्रीय, सगळाच्या सगळा सरावावर आहे. छेदनाचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी यांवर. भेदनाचा पाणी आणि चिखल भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर किंवा जनावराच्या मूत्राशयावर. खरवडण्याचा केसाळ, ताणलेल्या कातड्यावर. शीर टोचण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर. टाके घालण्याचा जाड-पातळ कापडाच्या काठांवर आणि मऊ चामड्यावर. पट्ट्या बांधण्याचा बाहुल्याच्या अवयवांवर. प्रत्येक कर्माला त्याच्या स्पर्शाशी जुळणारी वस्तू निवडलेली आहे, आणि ही निवड आजच्या कौशल्य प्रयोगशाळेतल्या कोणालाही पटेल अशी आहे. सगळे शास्त्र शिकूनही सराव न केलेला शिष्य कर्माला अयोग्य, असे तो अध्याय बजावतो. किती सरावाने तो योग्य होतो, हे मात्र सांगत नाही. ते गुरूच्या नजरेवर सोडलेले आहे.

गुरूच्या नजरेची ही पद्धत आधुनिक रुग्णालयांतही तशीच राहिली. विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८९ नंतर अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात निवासी डॉक्टरांची चढत्या जबाबदारीची रचना बसवली आणि जगभर तिचे अनुकरण झाले. मुंबईत १८४५ मध्ये सुरू झालेले ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडलेले जे. जे. रुग्णालय, १९२६ चे सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय आणि के. ई. एम. रुग्णालय यांच्या सर्जरीच्या युनिटांतून याच धाटणीने पिढ्या तयार झाल्या. आधी ड्रेसिंग, मग रिट्रॅक्टर धरणे, मग गळू फोडणे, हर्निया, अपेंडिक्स. आणि एखाद्या रात्रीच्या इमर्जन्सीला सरांचे 'आज तू कर'. या निर्णयाला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. त्यामागे दोन-तीन वर्षांचे निरीक्षण असे, आणि ज्याच्या हाताला भरवसा नाही त्याला असे वाक्य ऐकायला मिळत नसे. उणीव इतकीच की तो निर्णय कुठे लिहिलेला नसे, युनिटागणिक बदलत असे आणि ज्याला तो अन्यायाचा वाटे त्याला दाद मागायला जागा नसे.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने ही घडी मोडली. डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढले. विकसनशील जगातली ही पहिली शस्त्रक्रिया मानली जाते. पुढच्या काही वर्षांत हे तंत्र महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचले. पण वीस वर्षे पोट उघडून काम केलेला सर्जन या तंत्रापुढे नवशिकाच होता. पोटाच्या भिंतीत अडकलेले लांब हत्यार तरफेसारखे चालते, त्यामुळे हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जाते. पडदा सपाट असल्याने खोली कळत नाही. ऊतीचा ताण बोटांना जाणवत नाही. ज्याच्या नजरेवर पूर्वी सगळे अवलंबून होते, तो गुरूच आता शनिवार-रविवारच्या शिबिरात शिकत होता. मग कोणाचा हात तयार झाला, हे सांगायचे कोणी?

पहिले उत्तर आले ते संख्येचे. पित्ताशयाच्या या नव्या शस्त्रक्रियेत मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रसंग वाढल्यावर न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याने १९९२ मध्ये सांगितले की, स्वतंत्रपणे काम करण्याआधी सर्जनने देखरेखीखाली किमान १५ शस्त्रक्रिया केलेल्या असाव्यात. संख्येच्या मागे पुरावाही उभा राहिला. सदर्न सर्जन्स क्लबच्या १९९५ च्या विश्लेषणात ५५ सर्जनांच्या ८,८३९ शस्त्रक्रिया तपासल्या गेल्या. पित्तनलिकेच्या इजा १५ होत्या आणि त्यांतल्या ९० टक्के संबंधित सर्जनच्या पहिल्या ३० शस्त्रक्रियांत घडल्या होत्या. पहिल्या शस्त्रक्रियेत अशी इजा होण्याची शक्यता १.७ टक्के, तर पन्नासाव्या शस्त्रक्रियेपर्यंत ती ०.१७ टक्क्यांवर येते, असा त्यांचा हिशेब होता. या अभ्यासावरून शिकण्याची किंमत कोण मोजतो, हेही उघड झाले. सर्जनच्या पहिल्या तीस रुग्णांनी ती मोजली होती.

तरीही संख्या हा क्षमतेचा निकष होत नाही. सरासरी सर्जनला किती शस्त्रक्रिया लागतात हे संख्या सांगते. समोर उभा असलेला सर्जन कुठवर आला आहे हे सांगत नाही. एकाचा हात दहा शस्त्रक्रियांत बसतो, दुसऱ्याचा चाळिसांतही बसत नाही, आणि दोघांच्या लॉगबुकात वीसचा आकडा सारखाच दिसतो. लॉगबुकात 'केली' आणि 'सरांनी केली, मी टाके घातले' यांतली रेघ किती पुसट असते, हे निवासी डॉक्टरांच्या खोलीत कोणीही सांगेल. तरीही संख्येचा मोह सुटत नाही. भारतात २०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. प्रत्येक क्षमतेपुढे ती माहीत असणे, कशी करायची ते माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष करणे यांपैकी अपेक्षित पातळी लिहिलेली आहे. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या चार पायऱ्यांच्या पिरॅमिडवरून हे आले. पण त्याच तक्त्यात एक स्तंभ आहे तो प्रमाणित होण्यासाठी किती वेळा करायचे याचा. किती चांगले करायचे, याचा स्तंभ नाही.

सिम्युलेशनची खरी ताकद इथे दिसते. खऱ्या शस्त्रक्रियेत प्रत्येक रुग्ण वेगळा, प्रत्येक पित्ताशय वेगळे, आणि बिघडू लागले की वरिष्ठ हत्यार हातात घेतात, त्यामुळे शिकाऊ माणसाची कामगिरी निखळ मोजता येत नाही. सिम्युलेटरवर काम सगळ्यांना एकच असते, ते पुन्हापुन्हा करता येते आणि चूक शेवटपर्यंत होऊ देता येते. टोरोंटोत रिचर्ड रेझ्निक आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात शल्यकौशल्याची वस्तुनिष्ठ परीक्षा बसवली. वेगवेगळ्या स्थानकांवर कामे, प्रत्येक कामाची तपासयादी आणि सोबत ऊतीची हाताळणी, हालचालींची काटकसर, हत्यारांची जाण, शस्त्रक्रियेचा ओघ अशा बाबींवर पाच गुणांची मोजपट्टी. अनुभवी परीक्षकाची एकूण मोजपट्टी तपासयादीपेक्षा जास्त भरवशाची ठरते, हा त्यातला निष्कर्ष सुरुवातीला अनेकांना खटकला. टिकमार्क करणे वस्तुनिष्ठ वाटते. पण सुई बरोबर जागी घातली की नाही एवढेच टिकमार्क सांगतो. ती घालताना ऊतीची काय गत केली, ते तज्ज्ञाला दिसते.

सिम्युलेटरवर कमावलेले शस्त्रक्रियागृहात कामी येते का, याचे ठळक उत्तर २००२ मध्ये येल विद्यापीठातून आले. तिथे १६ निवासी डॉक्टरांची दोन गटांत विभागणी झाली. एका गटाने आभासी सिम्युलेटरवर सराव केला, पण तासांच्या हिशेबाने नव्हे. अनुभवी सर्जनांनी त्याच यंत्रावर गाठलेली पातळी गाठेपर्यंत. नंतर खऱ्या रुग्णाचे पित्ताशय यकृतापासून सोडवताना हा गट २९ टक्के जलद निघाला. दुसऱ्या गटाचे काम मध्येच अडून राहण्याची शक्यता नऊपट होती आणि पित्ताशयाला इजा करण्याची किंवा भलत्या ऊतीला भाजण्याची पाचपट. सिम्युलेटरच्या जाहिरातीत हा अभ्यास नेहमी येतो. सराव 'पातळी गाठेपर्यंत' होता, हा त्यातला निम्मा भाग सहसा गळतो. यंत्र विकत घेऊन प्रत्येकाला चार तास बसवले, तर येलमध्ये जे घडले ते घडेल असे मानायला आधार नाही.

पातळी गाठणे म्हणजे नेमके काय, हे दुर्बिणीच्या मूलभूत कौशल्यांच्या परीक्षेतल्या एका कामावरून समजते. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात विकसित झालेल्या कामांवर ही परीक्षा उभी आहे. अमेरिकेतल्या दुर्बीण-सर्जनांच्या संघटनेने ती २००४ मध्ये सुरू केली आणि पुढे अमेरिकन सर्जरी बोर्डाने ती सक्तीची केली. पाच कामांपैकी पहिले दिसायला पोरखेळ आहे. बंद पेटीत एका फळीवर खुंट्या आणि त्यांत अडकवलेले सहा लहान ठोकळे. कमी वापराच्या हातातल्या चिमट्याने ठोकळा उचलायचा, हवेतल्या हवेत दुसऱ्या चिमट्यात द्यायचा, समोरच्या खुंटीवर बसवायचा. सहाही झाले की उलट दिशेने परत आणायचे. पहिल्यांदा बसणाऱ्याचा चिमटा ठोकळ्याच्या पुढे-मागे हवा पकडत राहतो, खांदे वर चढतात, मान पडद्याकडे ताणली जाते. सरावासाठी २००७ मध्ये मांडलेला निकष असा : ४८ सेकंदांत काम पूर्ण, एकही ठोकळा नजरेच्या टप्प्याबाहेर पडता कामा नये, आणि हे सलग दोनदा व त्याशिवाय एकूण दहा वेळा जमले पाहिजे. त्याच मालिकेत वर्तुळ कापण्याला ९८ सेकंद आणि पोटाच्या आत गाठ मारण्याला ११२ सेकंद आहेत. यात वेळेपेक्षा 'सलग दोनदा आणि आणखी दहा वेळा' ही अट शहाणपणाची आहे. एकदा जमणे नशिबावरही असू शकते.

हा ४८ आकडा अनुभवी सर्जनांच्या कामगिरीवरून काढलेला आहे. निकष ठरवण्याचा हा सर्वांत सोपा आणि सर्वांत जास्त वापरला जाणारा मार्ग : तज्ज्ञांना यंत्रावर बसवा, त्यांची सरासरी काढा, तीच रेघ. त्याचे दोष शांतपणे पाहिले पाहिजेत. तज्ज्ञ म्हणून पाच-सहा जण बसवले तर एकाच्या मंद हाताने रेघ खाली येते. तज्ज्ञ स्वतः त्या यंत्राला नवखा असेल तर त्याचे आकडे त्याच्या कौशल्याचे नसतात, यंत्राशी झालेल्या ओळखीचे असतात. शिवाय नवशिक्याला रुग्णाला धोका न होता पहिले पाऊल टाकता यावे एवढेच पाहायचे असते. त्यासाठी वीस वर्षांच्या सर्जनचा वेग लागतोच असे नाही.

दुसरा मार्ग दोन गटांच्या तुलनेचा. ज्यांच्या क्षमतेबद्दल शंका नाही असा एक गट आणि ज्यांना अजून यायचे आहे असा दुसरा. दोघांचे गुण मांडायचे आणि रेघ अशा जागी ओढायची की दोन्हीकडच्या चुका कमीत कमी व्हाव्यात. मॅकगिलच्या कामांसाठी २००३ मध्ये याच धर्तीवर २७० गुणांची उत्तीर्णरेषा प्रसिद्ध झाली. तिथे सक्षमांना सक्षम ओळखण्याचे आणि अक्षमांना अक्षम ओळखण्याचे प्रमाण दोन्ही ८२ टक्के होते. म्हणजे इतक्या काळजीने ओढलेल्या रेघेवरही दर शंभर सक्षमांतले १८ नापास होतात आणि दर शंभर अक्षमांतले १८ पास. निकषाबद्दल बोलताना हा आकडा टेबलावर ठेवावा लागतो, कारण रेघ वर-खाली केल्याने चूक नाहीशी होत नाही. ती एका बाजूकडून दुसरीकडे सरकते. चुकून नापास झालेल्याचा आठवडाभराचा सराव वाढतो. चुकून पास झालेल्याची किंमत रुग्ण मोजतो. दोन चुकांचे वजन सारखे नसेल, तर रेघही मधोमध असायचे कारण नाही.

तिसरा मार्ग परीक्षकांच्या विचारविनिमयाचा, आणि तो विल्यम अँगॉफ यांच्या नावाने ओळखला जातो. शैक्षणिक मापनावरच्या १९७१ च्या एका ग्रंथातल्या आपल्या प्रकरणात त्यांनी तो जाता जाता मांडला होता. कल्पनेचे श्रेय त्यांनी लेडयार्ड टकर या सहकाऱ्याला दिले, पण नाव अँगॉफ यांचेच चिकटले. पद्धत अशी. परीक्षक एकत्र बसतात आणि आधी 'काठावरचा' शिकाऊ कोण याचे वर्णन ठरवतात : जेमतेम पुरेसा, पण पुरेसा. मग तपासयादीतली एकेक बाब घेऊन प्रत्येकजण सांगतो की अशा काठावरच्या शंभरांतले किती जण ही बाब बरोबर करतील. समजा, आतड्याच्या जोडणीत कोपऱ्यातला टाका नीट बसवण्याबद्दल एक परीक्षक ९० म्हणाला आणि दुसरा ५०. इथे चर्चा सुरू होते. बहुतेक वेळा असे निघते की पहिल्याच्या डोळ्यांपुढे त्याचा सगळ्यांत हुशार रेसिडेंट होता, किंवा त्याला स्वतःला हा टाका कठीण गेल्याची आठवण उरलेली नाही. आकडे पुन्हा दिले जातात, सरासरी निघते, सगळ्या बाबींची बेरीज म्हणजे उत्तीर्णरेषा. या बैठकीचा खरा फायदा बेरजेत नसतो. आपल्या युनिटात पुरेसे म्हणजे काय, यावर सहा वरिष्ठांचे एकमत नाही, हे त्यांना बहुधा पहिल्यांदाच तिथे कळते.

स्थानकांच्या परीक्षेत आणखी एक व्यवहारी पद्धत चालते. परीक्षक तपासयादीचे गुण देतो आणि त्याशिवाय स्वतंत्रपणे एकच शेरा मारतो : पात्र, काठावर, अपात्र. सगळ्यांचे गुण आणि शेरे मांडले की 'काठावर' या शेऱ्याशी सरासरी किती गुण जुळतात ते दिसते, आणि तीच रेघ होते. वेगळी बैठक लागत नाही. पण उमेदवार थोडे असले तर आकडा डळमळीत होतो, आणि एका युनिटात वर्षाला पाच-सहाच निवासी असतात, तिथे ही अडचण खरी आहे. नेदरलँड्सच्या हॉफस्टे यांच्या तडजोडीच्या पद्धतीत कमाल-किमान उत्तीर्णगुण आणि कमाल-किमान नापासांचे प्रमाण आधीच ठरवून घेतात. वैद्यकीय प्रवेशाच्या आणि नोकरीच्या परीक्षांत ती उपयोगी पडते. सुरी धरणाऱ्या हाताचा निर्णय नापासांच्या सोयीस्कर टक्क्यावर टेकवणे मात्र चमत्कारिक वाटते.

यांतल्या कोणत्याही पद्धतीपेक्षा आपल्याकडे रुजलेला आकडा म्हणजे ५० टक्के. वैद्यकीय परीक्षेत लेखीला ५०, प्रात्यक्षिकाला ५०. शाळेत तो ३५ होता. लेखी परीक्षेला तो परंपरेने चालून जातो. कौशल्याच्या परीक्षेत मात्र तो अनर्थ करतो, कारण त्यात एका बाबीचे गुण दुसऱ्या बाबीच्या चुकीला झाकतात. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये सांगितलेली सुरक्षित दृश्याची अट घ्या. पित्ताशयाच्या नलिकेजवळच्या त्रिकोणातली चरबी आणि तंतू साफ झाले पाहिजेत, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृताच्या गादीपासून सुटा झाला पाहिजे, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोन, फक्त दोनच, रचना दिसल्या पाहिजेत. त्याआधी काहीही कापायचे नाही. सिम्युलेटरवर एखाद्याने नळ्या झपाझप घातल्या, रक्तस्राव होऊ दिला नाही, सगळे देखणे केले आणि हे दृश्य न मिळवताच क्लिप लावली, तर त्याला ९२ टक्के मिळूनही तो नापासच असला पाहिजे. म्हणून चांगल्या निकषाला दोन मजले असतात. खालच्या मजल्यावर अक्षम्य चुकांची छोटी यादी, जिथे एका चुकीवर प्रयत्न संपतो. वरच्या मजल्यावर बाकी गुणांची बेरीज. यादी छोटीच ठेवावी लागते, नाहीतर प्रत्येक विभागप्रमुख आपली आवडती चूक तिच्यात घुसवतो.

वेळ हा त्यामानाने कमी महत्त्वाचा मापदंड आहे, तरी बहुतेक निकष वेळेवर उभे असतात, कारण घड्याळ स्वस्त आहे. वेळेचा उपयोग नाही असे नाही. हात सहज चालू लागल्याची ती खूण आहे. पण वेळ हेच बक्षीस ठरले की शिकणारे चटपटीत आणि उतावीळ होतात. चुका मोजायच्या तर चुकीची व्याख्या लिहावी लागते, दोन परीक्षकांनी तीच चित्रफीत पाहून तीच चूक मोजली पाहिजे, आणि त्यांचे जुळत नसेल तर व्याख्या पुन्हा लिहावी लागते. अँथनी गॅलाघर यांनी पुढे नेलेल्या प्रवीणताधिष्ठित पद्धतीचा बराचसा वेळ या कंटाळवाण्या कामात जातो, आणि तिचा दर्जाही त्यातूनच येतो.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत हे काम बरेच पुढे गेले आहे आणि ते महाराष्ट्राच्या जवळचे आहे. लहान छेदाची, हाताने करण्याची मोतीबिंदू शस्त्रक्रिया भारतातल्या नेत्रशिबिरांचा कणा आहे. आंतरराष्ट्रीय नेत्रवैद्यक परिषदेने तिच्यासाठी पायरीवार मोजपट्टी केली. नवखा, सुरुवातीचा, थोडा पुढे गेलेला आणि सक्षम अशा प्रत्येक पातळीला त्या पायरीवर नेमके काय दिसते, याचे वर्णन तिच्यात आहे. 'चांगले', 'बरे' असे शब्द टाळून बोगदा किती खोल, आत शिरताना बुबुळ दुखावले का, असे दिसणारे लिहिले की दोन परीक्षकांतले अंतर कमी होते. याच शस्त्रक्रियेसाठी सिम्युलेटर उभा करणाऱ्या 'हेल्पमीसी' या संस्थेचे एक संस्थापक अल उएल्ट्शी हे वैमानिकांना सिम्युलेटरवर शिकवणाऱ्या 'फ्लाइटसेफ्टी' कंपनीचे संस्थापक होते, आणि संस्थेचे प्रशिक्षण मुंबईतही चालले. विमानाचे उदाहरण इथे थेट वंशावळीने येते. फरकही लक्षात ठेवावा लागतो : वैमानिकाची ठरावीक मुदतीने पुन्हा परीक्षा होते. सर्जनची होत नाही.

परदेशातली रेघ इथे जशीच्या तशी आणता येते का, याचा विचार मोठ्या शिक्षण-रुग्णालयाच्या बाहेर येऊन करावा लागतो. दहिसरच्या पुढे, खाडीच्या अलीकडे वसलेले मीरा-भाईंदर त्यासाठी चांगले ठिकाण आहे. मिठागरांच्या आणि मासेमारीच्या गावांचे इथे शहर झाले. २००२ मध्ये महानगरपालिका आली आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ८,०९,३७८ भरली. भाईंदर पश्चिमेला टेंभा रुग्णालय म्हणूनच ओळखले जाणारे पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे, मीरा रोडला भक्तिवेदांत आणि वोक्हार्टसारखी मोठी खासगी रुग्णालये आहेत. त्यांच्या जोडीला अशा उपनगरांत असतात ती इमारतीच्या पहिल्या मजल्यावरची नर्सिंग होम. एम. एस. होऊन बाहेर पडलेला सर्जन अनेकदा अशाच ठिकाणी सुरुवात करतो. भूलतज्ज्ञ फोनवर बोलावलेले, मदतीला आरएमओ आणि एक सिस्टर. शेजारच्या थिएटरात हाक मारायला वरिष्ठ नसतात.

या सर्जनबद्दल कागदोपत्री काय काय तपासले जाते? पदवी. महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी, जिच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट गुण लागतात. ते परिषदा-कार्यशाळांना हजर राहून मिळतात. महापालिकेकडची शुश्रूषागृह नोंदणी, जी १९४९ च्या कायद्याखाली जागा, खाटा, परिचारिका, स्वच्छता पाहते. हे सगळे आवश्यकच आहे. पण दुर्बिणीतून पित्ताशय काढण्यापुरता या माणसाचा हात तयार आहे का, याचे उत्तर यातला एकही कागद देत नाही, कारण तसे विचारण्याची जागा त्यांत नाही. सिम्युलेशनमधला निकष ती जागा सगळी भरून काढणार नाही. तो शिकण्याच्या अलीकडच्या काठावरचा दरवाजा आहे. त्यापुढे देखरेखीखालच्या शस्त्रक्रिया आणि प्रत्यक्ष निकालांचा हिशेब हे टप्पे उरतातच.

अशा शहरातल्या सर्जनसाठी निकषात काय असावे, हेही त्याच्या थिएटरवरून ठरते. ठोकळे ४८ सेकंदांत हलवणारा सर्जन, शस्त्रक्रिया निम्म्यावर असताना कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर संपला तर काय करतो? पोट सैल पडते, पडद्यावर सगळे एकमेकांवर कोसळते, आणि दुसरा सिलिंडर जोडण्याचा पाना सापडत नाही. वीज गेली, इन्व्हर्टरवर कॅमेरा आला पण प्रकाशस्रोत आला नाही, तर? सुरक्षित दृश्य अर्ध्या तासात मिळाले नाही, तर पोट उघडायचा किंवा थांबून रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवायचा निर्णय तो किती लवकर घेतो? स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला विकसित झालेल्या सर्जनांच्या अतांत्रिक कौशल्यांच्या मोजपट्टीत परिस्थितीची जाण, निर्णय, संवाद व संघकार्य आणि नेतृत्व असे चार भाग आहेत. मोठ्या रुग्णालयात ही कौशल्ये पूरक वाटतात. एकट्याच्या थिएटरात ती बोटांइतकीच मोलाची आहेत, आणि त्यांचा प्रसंग उभा करायला महागडे यंत्र लागत नाही; रिकामा सिलिंडर, एक सिस्टर आणि चित्रीकरणाचा मोबाइल पुरतो.

साधनांचेही तसेच. स्थानिक सुताराकडून करून घेतलेली पेटी, वेबकॅम आणि जुना टीव्ही यांवर मूलभूत हात बसतो; आतड्याच्या जोडणीला मटणवाल्याकडून आणलेले बोकडाचे आतडे चालते. मात्र पेटीची खोली, कॅमेऱ्याचा कोन आणि चिमट्यांची लांबी बदलली की वेळा बदलतात. दुसऱ्या पेटीवर काढलेले ४८ सेकंद इथे काही सांगत नाहीत. अशा केंद्राने आधी आपल्याच पेटीवर, आपल्याच भागातल्या सक्षम सर्जनांचे आणि नवख्यांचे आकडे गोळा करावेत, आणि एका केंद्रात माणसे कमी पडतात म्हणून मुंबई-ठाण्यातल्या चार-पाच केंद्रांनी एकच पेटी, एकच काम ठरवून ते एकत्र करावेत. निकष ठरवणाऱ्यांत शिक्षण-रुग्णालयातले प्राध्यापक हवेत, तसे नर्सिंग होममध्ये दहा वर्षे काम केलेले सर्जन, भूलतज्ज्ञ आणि थिएटरची अनुभवी सिस्टरही हवी. कोणती चूक टेबलावर दुरुस्त होते आणि कोणती होत नाही, हे शेवटच्या दोघांना फार चांगले ठाऊक असते.

जो रेघेखाली राहिला त्याचे काय करायचे, हे रेघ ओढण्याआधीच लिहून ठेवावे लागते. नेमके काय चुकले ते त्याला चित्रफितीवर दाखवणे, ठरावीक सराव, वेगळ्या परीक्षकाकडून पुन्हा परीक्षा, आणि किती प्रयत्नांनंतर दुसऱ्या शाखेचा विचार सुचवायचा. ज्या विभागात हे लिहिलेले नसते तिथे परीक्षक शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला नापास करायला कचरतात, आणि सगळे काठावरचे वर सरकतात. परीक्षा स्वतःच्या युनिटच्या विद्यार्थ्याची स्वतः न घेणे, चित्रफितीवर चेहरा न दिसणे हे साधे उपायही मग उपयोगी पडतात.

सरावाशिवाय हात मंदावतो. बारीक कौशल्य काही महिन्यांत उतरू लागते, म्हणून उत्तीर्ण झाल्याची तारीख निकषाइतकीच महत्त्वाची असते. निकष स्वतःही जुना होतो. सगळेच पहिल्या झटक्यात पार होऊ लागले, किंवा पार झालेल्यांच्या पहिल्या दहा शस्त्रक्रियांत वरिष्ठांना वारंवार हत्यार हातात घ्यावे लागत असेल, तर रेघ पुन्हा ओढायची वेळ झालेली असते. दोन-तीन वर्षांनी ती तपासण्याची प्रथा त्यामुळे योग्य ठरते. आणि प्रमाणपत्रावर 'प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केले' एवढे न लिहिता कोणते काम, कोणत्या साधनावर, कोणत्या पद्धतीने ठरवलेल्या कोणत्या रेघेवर, किती प्रयत्नांत आणि कोणत्या तारखेला पार झाले, एवढे लिहिले तर ते वाचणाऱ्या रुग्णालयाला त्याला पहिली शस्त्रक्रिया देखरेखीखाली द्यायची की नाही, हे ठरवता येते.